गणेशाची मूर्ती, गणेशची बॅट

मराठी शाळेत इंग्रजीतली षष्ठी शिकवायची वाट ठरलेली आहे. फळ्यावर 'चा, ची, चे, च्या' लिहायचं, पुढे बरोबरचं चिन्ह काढायचं आणि त्यापुढे लिहायचं 'ऑफ'. खाली टीप द्यायची की माणसांच्या बाबतीत नावाला ॲपॉस्ट्रॉफी आणि एस लावतात. मुलं टीप विसरतात आणि 'ऑफ' लक्षात ठेवतात. मग थेट पदवीपर्यंत 'द नेम ऑफ माय फादर इज', 'द हाऊस ऑफ माय अंकल इज' अशी वाक्यं सुरू राहतात. व्याकरणाच्या पुस्तकाला त्यात फार दोष काढता येत नाही, पण असं बोलत कुणी नाही. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांना इंग्रजी वाचायचं होतं, अर्ज लिहायचे होते, त्यांचं यावर भागलं. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. ज्या मुलाला विभक्ती हा शब्दच अजून चार-पाच वर्षांनी भेटणार आहे, त्याला 'षष्ठी म्हणजे ऑफ' हे सूत्र देऊन काय उपयोग?

हा धडा हजेरीपट उघडून शिकवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गातल्या मुलांची नावं, त्यांच्या घरातली माणसं, त्या माणसांच्या वस्तू. जॉनचं पेन आणि मेरीची बाहुली नंतर आली तरी चालेल. आपलं ते चांगलं, अशा अभिमानापोटी मी हे म्हणत नाही. त्यामागे मराठीच्या व्याकरणातलंच एक कारण आहे.

मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं रूप बदलतो. घोडा म्हटलं की घोड्याचा, भाऊ म्हटलं की भावाचा, माळी म्हटलं की माळ्याचा. हे सामान्यरूप मराठी मुलाच्या जिभेत इतकं मुरलेलं असतं की शब्दाला काहीही न करता शेपूट जोडायचं, ही कल्पनाच त्याला परकी वाटते. माणसांची नावं मात्र या नियमातून केव्हाच निसटली आहेत. देवळातल्या देवाची ती 'गणेशाची मूर्ती', बाकावर शेजारी बसणाऱ्याची ती 'गणेशची बॅट'. 'रामाचं देऊळ', पण 'रामची सायकल'. पुराणातली ती 'सीतेची गोष्ट', चौथीतल्या स्मिताचा मात्र 'स्मिताचा डबा'. 'स्मितेचा' म्हणणारे आजी-आजोबाही आता विरळाच. म्हणजे नाव जसंच्या तसं ठेवून मागे प्रत्यय चिकटवणं, ही जी इंग्रजीची रीत, ती आपल्या मुलांना त्यांच्या मित्रांच्या नावांपुरती आधीच येते. जे येतं तिथून सुरुवात करावी, हे शिकवण्याचं जुनंच सूत्र आहे. आपण सुरुवात करतो ती नेमकी जिथे अडतं तिथून.

हजेरीपटाचा दुसरा फायदा उच्चाराचा. लिहिताना तो एस एकच, पण तोंडातून तो तीन तऱ्हांनी निघतो. सार्थक, अजित, प्रताप यांच्यामागे 'स' येतो: सार्थक्स बॅग. नेहा, आरोही, सागर, राम यांच्यामागे 'झ' येतो: नेहाझ बॅग. आणि आयुष, श्रेयस, सूरज यांच्यामागे अख्खं 'इझ' येतं: आयुषिझ बॅग, श्रेयसिझ बॅग. शिक्षकाने नियम सांगायची गरजच नाही. हजेरी घेताना प्रत्येक नावामागे 'बॅग' जोडून वर्गाला एका सुरात म्हणायला लावलं, तर 'श्रेयस्स बॅग' म्हणताना जीभ अडखळते आणि मुलांना त्या 'इ'ची गरज आपोआप कळते. मुलांच्या वडिलांची पिढी तर यासाठी खाणच आहे. गणेश, महेश, सुरेश, योगेश, नीलेश, मंगेश, प्रकाश अशी शकारान्त नावं त्या पिढीत हवी तेवढी मिळतात.

हा 'झ' मराठी मुलांना जमत नाही, अशी एक तक्रार ऐकू येते. ती मला मान्य नाही. 'माझा' म्हणून बघा आणि मग 'माझी' म्हणा. पहिल्यातला झ दातांमागून घासत येतो, दुसऱ्यातला टाळूवर जातो. इंग्रजीला हवा असलेला झ पहिल्याच्या अगदी शेजारचा आहे. म्हणजे लागणारा आवाज मुलांच्या रोजच्या षष्ठीतच बसलेला आहे. कुणी तिकडे बोट दाखवत नाही, एवढंच.

आता नातेवाईक. इंग्रजीत मामा, काका, आत्या, मावशी यांना वेगळे शब्द नाहीत म्हणून आपण नाकं मुरडतो आणि तिथेच थांबतो. पण ॲपॉस्ट्रॉफी शिकवणाऱ्याला ही उणीव म्हणजे पर्वणी आहे. 'मामा' या शब्दात 'आईचा भाऊ' हा सगळा मजकूर घडी घालून ठेवलेला असतो. मराठीत ती घडी उलगडायची वेळ येत नाही. 'माझ्या आईचा भाऊ आला' असं कोण म्हणतं? इंग्रजीत तो नेमका कोण हे सांगायचं तर उलगडावीच लागते: माय मदर्झ ब्रदर. मामेभाऊ म्हणजे माय मदर्झ ब्रदर्झ सन. आतेबहीण म्हणजे माय फादर्झ सिस्टर्झ डॉटर. इंग्रजी ज्या चौघांना एकाच 'कझिन'मध्ये कोंबते, ते चुलत, आते, मामे, मावस भाऊ एकेक करून उलगडले की चार वाक्यं आणि आठ ॲपॉस्ट्रॉफी होतात. मुलं हे कोड्यासारखं सोडवतात. वरच्या वर्गात साडू आणि जाऊ द्यावेत. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, जाऊ म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको. व्याह्यापर्यंत पोचेस्तोवर शिक्षकालाही घाम फुटेल.

यावर एक रास्त आक्षेप आहे. खरा इंग्रज इतकी लांब साखळी बोलत नाही, 'कझिन' म्हणून मोकळा होतो. बरोबर आहे. पण तालमीत मारलेल्या सगळ्या जोरबैठका कुस्तीत दिसतातच असं नाही. साखळी जोडता आली की दोन कड्यांचं साधं वाक्य सहज येतं, आणि रोजच्या वापरात तेवढंच लागतं.

घरातल्या माणसांमुळे एक चूकही होते, आणि ती मूर्खपणाची नसून सभ्यतेची आहे. 'आजोबांचा चष्मा', 'बाबांचं ऑफिस', 'वडिलांचं नाव' यांतला अनुस्वार आदराचा. आदरार्थी बहुवचनात वाढलेलं मूल इंग्रजीत लिहितं, 'माय ग्रँडफादर अँड देअर स्टिक'. आजोबा एकच, पण त्यांना 'हिज' म्हणणं मुलाच्या कानाला 'त्याची काठी' म्हटल्यासारखं लागतं. हेच मूल एकवचनातल्या 'फादर'लाही अनेकवचनाचा एस लावून ॲपॉस्ट्रॉफी त्यानंतर टाकतं. तिथे लाल रेघ मारण्याआधी एक वाक्य सांगावं: इंग्रजीत आदर सर्वनामात नसतो, 'हिज' म्हटल्याने आजोबांचा अपमान होत नाही. आईच्या बाबतीत ही अडचण येत नाही. तिला आपण सगळेच 'तिचा', 'तिची' म्हणतो. त्यामुळे 'माय मदर अँड हर सारी' बिनचूक येतं. बाबांना 'अहो' आणि आईला 'अगं' म्हणणाऱ्या घरांचा हा शोध इंग्रजीच्या वहीत लागावा, याची मला गंमत वाटते. कधी खेदही वाटतो.

'हिज' आणि 'हर'च्या बाबतीत एरवी मराठी मुलं नशीबवान आहेत. हिंदीतलं 'उसका' वस्तू पुल्लिंगी आहे एवढंच सांगतं. मालक बाई की बुवा, ते कळत नाही. फ्रेंचमध्येही तेच. मराठीतलं 'तिचा' मात्र एका श्वासात दोन्ही सांगतं: 'ति' मालकिणीचा, 'चा' वस्तूचा. त्यातला दुसरा अर्धा सोडून द्यायचा, एवढंच मराठी मुलाला करायचं असतं. हिंदी मुलखासाठी लिहिलेली व्याकरणाची पुस्तकं आपल्याकडे सर्रास वापरली जातात आणि त्यांत 'हिज-हर'च्या सरावाला पानंच्या पानं दिलेली असतात. तेवढ्यात आपल्या मुलांचा आदरार्थी गोंधळ निस्तरून झाला असता.

मोठ्यांची परीक्षा दारावरच्या पाटीवर होते. 'द जोशीज' किंवा 'द पाटील्स' असं इंग्रजीत कोरून घेताना कारागीर एसच्या आधी हटकून तो वरचा स्वल्पविराम घालतो, आणि घरमालकाला तो शोभेचा वाटतो. जोशी कुटुंब राहतं एवढंच सांगायचं असेल, तर साधं अनेकवचन पुरे. चिन्हाचं कामच नाही. जोशी कुटुंबाचं घर असं म्हणायचं असेल, तर चिन्ह एसच्या नंतर यायला हवं. आधी घातलं, तर कुणा एकाच जोशींचं काहीतरी होतं, आणि काय ते पाटी सांगत नाही. तरी इंग्रजांनी हसू नये आणि आपणही फार ओशाळू नये. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लागोपाठची स्थानकं आहेत. पहिल्यावर ॲपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्यावर नाही. लंडनच्या सेंट जेम्स पार्कमध्ये चिन्हानंतर आणखी एक एस आहे, न्यूकॅसलच्या त्याच नावाच्या फुटबॉल मैदानात नाही. तेव्हा सुहास, विलास, कैलास या नावांपुढे चिन्हानंतर एस लिहावा की नाही, यावरून कुणाचे गुण कापू नयेत. दोन्ही रूपं चालतात. मी लिहिणाऱ्यांच्या बाजूचा, कारण बोलताना आपण 'सुहासिझ' असंच म्हणतो.

हे चिन्ह आलं कुठून, हे मुलांनी विचारलंच तर गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत बऱ्याचशा नामांना षष्ठीत 'ई-एस' असा जोड लागे. पुढे त्यातला स्वर गळला आणि गळल्याची खूण म्हणून चिन्ह आलं. पण मधल्या काळात लोकांची समजूत झाली की हा एस म्हणजे 'हिज'चा तुकडा आहे. त्या समजुतीच्या काळात 'जॉन हिज बुक' अशी वाक्यरचना छापली जाई. बेन जॉन्सनचं १६०५ साली छापलेलं नाटक 'सेजानस हिज फॉल' या नावाचंच आहे. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपल्या शब्दकोशाच्या व्याकरणात रोकडा सवाल टाकला: मग बाईच्या नावापुढेही तोच एस कसा येतो? 'हिज'चा सिद्धान्त तिथे कोसळतो. गंमत अशी की या वादातल्या दोघांच्याही आडनावात 'जॉनचा मुलगा' बसलेला आहे.

आपल्याकडे तो आडनावात नसतो, मधल्या नावात असतो. सचिन रमेश तेंडुलकर. सुनील मनोहर गावसकर. भीमराव रामजी आंबेडकर. मधलं नाव म्हणजे चिन्ह न लावलेली षष्ठीच. मुलांना दोन्ही बाजूंनी वाक्यं करायला लावावीत: रमेश इज सचिन्झ फादर, सचिन इज रमेशिझ सन. एका नावातून दोन वाक्यं आणि दोन उच्चार मिळतात, आणि प्रत्येक मुलाकडे हा कच्चा माल तयार असतो. मग आईचं पूर्ण नाव लिहायला सांगावं. बहुतेक घरांत तिथे मधल्या जागी नवरा येतो. जागा तीच, नातं वेगळं. 'फादर'च्या ठिकाणी 'हज्बंड' लिहावं लागतं. आजीचं नाव विचारलं तर काही मुलं घरून दोन नावं घेऊन येतात, माहेरचं आणि सासरचं. 'माय ग्रँडमदर्झ नेम' हे वाक्य कुठलं नाव घालून पुरं करायचं, ते आजीला विचारून ठरवावं.

इथे शिक्षकाने एक भान ठेवलं पाहिजे. सगळ्यांच्या घरी वडील असतातच असं नाही, आणि असले तरी त्यांचं नाव भर वर्गात घ्यावंसं वाटतंच असं नाही. 'तुझ्या वडिलांचं नाव सांग' असा आदेश देण्यापेक्षा 'घरातलं कुणीही एक माणूस निवड' असं म्हणावं. कुणी मावशी निवडेल, कुणी ताई, कुणी कुत्रा. ॲपॉस्ट्रॉफीला सगळे सारखेच.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. त्यातली पहिली मुलं २०३०च्या जूनमध्ये पहिलीत येतील. पहिलीच्या बाईंना आणि गुरुजींना विनंती एवढीच की त्या तुकडीची वाट पाहू नका. येत्या सोमवारी हजेरी घेताना प्रत्येक मुलाला त्याच्या आईच्या नावाने एक वाक्य करू द्या, आणि 'ऑफ' महिनाभर फळ्यावर आणू नका.