वेष्टनावर नाव आहे, प्रमाण कोठे आहे?

मागणीच्या नियमाचे उदाहरण द्या, असे वर्गात म्हटले की पूर्वी विद्यार्थी चहा-साखरेचे नाव घेत. आता ते चेहऱ्याला लावावयाच्या 'सीरम'चे नाव घेतात आणि त्यात नायसिनामाइड दहा टक्के आहे, हेही सांगतात. तीस मिलिलिटरच्या बाटलीला पाचशे-सहाशे रुपये मोजणारा तरुण टक्केवारीची भाषा बोलू लागला, ही एका अर्थी स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ज्या वेष्टनाच्या आधारे तो हे पैसे खर्च करतो, ते वेष्टन त्याला खरोखर काय सांगते, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. मालाची प्रत विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर चांगल्या मालाला योग्य किंमत मिळत नाही व हलका माल त्याला बाजारातून हुसकावून लावतो. या विचारासाठी २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. प्रसाधनांच्या बाजाराला हे तत्त्व अधिकच लागू पडते. जुन्या मोटारीचा दोष निदान चार महिन्यांत उघडकीस येतो. क्रीमचा गुण आला की नाही, हे पुष्कळदा वापरणाऱ्यालाही सांगता येत नाही.

क्रम आहे, आकडा नाही

आपल्याकडील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेली घटकद्रव्ये उतरत्या क्रमाने छापावी लागतात. म्हणूनच बहुतेक क्रीमवर पहिले नाव पाण्याचे असते. मात्र एक टक्का किंवा त्याहून कमी असलेली द्रव्ये त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिण्याची मुभा आहे, आणि ही सीमारेषा कोठे सुरू होते हे वेष्टनावर दाखविलेले नसते. परिणामी टक्क्याचा शंभरावा भाग असलेला केशराचा अर्क एक टक्का असलेल्या दुसऱ्या द्रव्याच्या आधी सुखेनैव बसू शकतो. जाणकार ग्राहक येथे अंदाजाने चालतो. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक युरोपीय नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक वापरता येत नाही. तेव्हा यादीत त्याच्यानंतर आलेले द्रव्य बहुधा एक टक्क्याच्या आतलेच समजावे. दर्शनी भागावर केशराचे मोठे चित्र आणि मागील यादीत परिरक्षकाच्याही नंतर केशराचे नाव, असे दिसले की 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आठवल्यावाचून राहत नाही.

टक्केवारीचा मोह

काही उत्पादक प्रमाण छापतात, हे खरे. पण आकडा मोठा म्हणून गुण मोठा, हा समजही भ्रामकच. नायसिनामाइडचे परिणाम ज्या अभ्यासांत दिसले, त्यांत प्रामुख्याने दोन ते पाच टक्के द्रावण वापरलेले होते. 'क' जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, त्वचेत शिरण्यासाठी द्रावणाचा सामू साडेतीनच्या खाली असावा लागतो. आणि वीस टक्क्यांपलीकडे प्रमाण वाढवूनही शोषण वाढत नाही. उलट रेटिनॉल इतके प्रभावी, की युरोपीय संघाने २०२४ साली त्याची मर्यादा चेहऱ्याच्या प्रसाधनांत ०.३ टक्के आणि अंगाला लावावयाच्या लोशनमध्ये ०.०५ टक्के अशी ठरविली. तात्पर्य, प्रत्येक द्रव्याचे माप निराळे. घटत्या सीमांत फलाचा नियम शेतीतील खताप्रमाणेच येथेही चालतो.

आणि जे वेष्टनावर मुळीच नसते, ते सर्वांत घातक. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे बावीस रुग्ण आढळले. त्यांतील पंधरा जणांचा विकार एका विशिष्ट प्रकारचा होता आणि या पंधरांपैकी तेरा जण गोरेपणाची क्रीमे वापरीत होते. अशा क्रीमांत पारा सापडला. आपल्या नियमांनुसार प्रसाधनात पारा घालण्यास बंदी आहे. डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून अधिक चालत नाही. ज्या डबीवर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ती कितीही स्वस्त असली तरी महागच पडते.

उपाय अवघड नाही

प्रमाण छापल्यास आमचे सूत्र उघडे पडेल, असा आक्षेप उत्पादक घेतील. तो टिकणारा नाही. ताप उतरविणाऱ्या गोळीवर पॅरासिटॅमॉल किती मिलिग्रॅम, हे छापलेले असतेच. आयुर्वेदीय औषध म्हणून परवाना घेतलेल्या क्रीमवर घटकांची नावे मात्रेसह द्यावी लागतात. म्हणजे दुकानातील एकाच फळीवरची एक डबी प्रमाण सांगते आणि शेजारची सांगत नाही. साबणाचे उदाहरण तर घरोघरचे आहे. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या साबणात एकूण स्निग्धांश किमान ७६ टक्के असावा लागतो. हा आकडा वेष्टनावर वाचता येतो म्हणूनच सामान्य गृहिणीलाही दोन वड्यांची तुलना करता येते. त्यामुळे साबणाचा एकही कारखाना बंद पडलेला नाही.

संपूर्ण सूत्र कोणी मागत नाही. ज्या द्रव्याच्या नावावर माल विकला जातो, त्या एका द्रव्याचे प्रमाण दर्शनी भागावरच छापणे सक्तीचे करावे आणि एक टक्क्याची सीमारेषा यादीत स्पष्ट दाखवावी, एवढेच पुरेसे आहे. वस्तूची प्रत, प्रमाण, प्रभाव आणि शुद्धता जाणून घेण्याचा हक्क १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आणि २०१९ च्या कायद्याने तो कायम ठेवला. तो प्रसाधनांच्या दुकानात पोहोचावयाचा असेल, तर केशराचे चित्र छापणाऱ्याने केशराचा आकडाही छापला पाहिजे.