पहिली पाळी, दुसरी पाळी

शुक्रवारी चारनंतर आमच्या ऑफिसात कुणी काम करत नाही, करतोय असं दाखवतात. अशाच एका शुक्रवारी शेजारच्या डेस्कवरच्या मित्राने हेडफोनचं एक टोक माझ्या कानात कोंबलं. टोनी बेनेट आणि लेडी गागा, २०१४ चा 'चीक टु चीक'. तेव्हा बेनेट आजोबा ८८ वर्षांचे! "ऐक, ह्याला म्हणतात ड्युएट," मित्र म्हणाला. त्याच्या मते मराठीत असलं काही नाही. (त्याच्या मते मराठीत बरंच काही नाही. असो.)

उतारवयात लहानमोठ्या गायकांना जमवून ड्युएट्सचा अल्बम काढायचा, हा तिकडचा जुना फंडा. रे चार्ल्सचा २००४ मध्ये आला, तो गेल्यानंतर. फ्रँक सिनात्राचा १९९३ चा. त्यातली गंमत म्हणजे सिनात्राबरोबर जे गायले, त्यांच्यातलं कुणी त्याच्यासमोर उभंच नव्हतं. त्यांनी आपापले भाग वेगळे रेकॉर्ड केले, काहींनी तर दुसऱ्या शहरातून टेलिफोनच्या लाइनवर. हे वाचलं आणि मी चाटच पडले. बॉस, ही तर आमच्या घरची स्टोरी!

आमचे आई-पप्पा ड्युएट गातात. वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला. गाणं एकच, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचं 'शुक्रतारा, मंद वारा'. लालबागच्या चाळीत होतो तेव्हा गॅलरीत स्टुलं टाकून शेजारी बसायचे. २०२१ मध्ये चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. आई माझ्याबरोबर परळला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये आली आणि पप्पा पंधरा दिवसांसाठी गावी गेले, राजापूर तालुक्यात. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. पप्पा म्हणतात, टॉवरमध्ये मला झोप लागायची नाही. आई म्हणते, मी लालबागचा नवा फ्लॅट बघितल्याशिवाय कुठे हलणार नाही. भांडण नाही, अबोला नाही, रोज फोन होतो. तरी "काय गं, पप्पा गावालाच का?" असं कुणी विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो.

तर अरुण दाते. पप्पांच्या लेखी ते 'आपले मिलवाले'. खरं तर ते इंदूरचे, १९३४ चा जन्म, वडील रामुभैया दाते म्हणजे बडे रसिक. मुंबईत येऊन माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाइल शिकले आणि कित्येक वर्षं कापडधंद्यात नोकरी करून गात राहिले. तुमच्याआमच्यासारखा नोकरदार माणूस! फक्त संध्याकाळी आपण ट्रेन पकडतो, ते सूर पकडायचे. पप्पा साच्यावर कामाला होते, त्यामुळे एवढं नातं त्यांना पुरतं. पाडगावकर वेंगुर्ल्याचे, म्हणजे तेही आपलेच. चाल बांधणारे श्रीनिवास खळे बडोद्यात वाढलेले आणि सुधा मल्होत्रा दिल्लीत जन्मलेल्या. १९६० मध्ये लग्न करून त्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांपासून जवळजवळ बाजूला झाल्या होत्या, आणि हे गाणं १९६२ चं. मराठीतल्या सगळ्यात लाडक्या प्रेमगीताला आवाज दिला तो इंदूरच्या माणसाने आणि मल्होत्रांच्या मुलीने. भूमिपुत्रवाल्यांनी नोंद घ्यावी.

मी तिसरीत असताना आई-पप्पांनी मला दादरच्या एका नाट्यगृहात 'शुक्रतारा'च्या कार्यक्रमाला नेलं होतं. दात्यांनी त्याचे अडीच हजारांहून जास्त प्रयोग केले. आमच्या प्रयोगाला सुधाताई नव्हत्या, एक तरुण गायिका होती आणि ती बिचारी प्रचंड टेन्शनमध्ये. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, मी माणसं बघत होते. तिचं कडवं चालू असताना दाते प्रेक्षकांकडे बघतच नव्हते. तिच्याकडे बघत होते. हळूच मान डोलावत, जणू तेही तिकीट काढून आलेत. मग त्यांची वेळ आली आणि तो बारीकसा कंप असलेला आवाज सुरू झाला, तिच्या आवाजापेक्षा एक इंचही वर न चढता. आता ऑफिसच्या मीटिंगमध्ये दुसऱ्याचं वाक्य तोडणारे महाभाग बघते तेव्हा मला तो माणूस आठवतो.

गाणं पुन्हा नीट ऐका, बहुतेक सगळं पाळीपाळीने आहे. ती आपल्या कडव्यात स्वतःला लाजरं फूल म्हणवते. तो तेच फूल उचलून आपलं कडवं सुरू करतो. ध्रुवपद दोघांचं एकच, पण तो म्हणतो तेव्हा तिला उद्देशून आणि ती म्हणते तेव्हा त्याला. बदलतं फक्त एक अक्षर. मराठीत ड्युएटला 'द्वंद्वगीत' का म्हणतात हे मला शाळेत कळायचं नाही, कारण द्वंद्व म्हणजे कुस्ती. मग व्याकरणाच्या तासाला द्वंद्व समास आला. दोन्ही पदं सारख्या महत्त्वाची, उदाहरणार्थ आईवडील.

पप्पांचं एक्स्प्लनेशन वेगळं. "पहिली पाळी माझी, दुसरी तुझ्या आईची." ही मिलची भाषा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते २४ वर्षांचे होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांच्यातल्या हजारोंसारखे तेही परत आत गेलेच नाहीत. मी आज ज्या काचेच्या बिल्डिंगमध्ये बसते, ती जागाही मिलचीच. १९८६ ला लग्न झालं. पप्पांना वॉचमनची नाइट आणि आई दिवसा शिवणकामाच्या कारखान्यात. सकाळी साडेसातला दोघं चाळीच्या जिन्यात भेटायचे. खोलीची चावी ह्या हातातून त्या हातात. कित्येक वर्षं त्यांचा संसार म्हणजे ती चावी होती. एवढं करून आता निवांत एकत्र राहायची वेळ आली, तर हे दोन गावांना! कधीकधी दोघांचाही राग येतो मला.

यंदाच्या वाढदिवसाला मी पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. शेजारच्या डेस्कवाल्या मित्राने आधीच अक्कल पाजळली होती की फोनवर ड्युएट होत नाही, आवाज उशिरा पोचतो, दोघं एकत्र सुरात येऊच शकत नाहीत. एकत्र गायचं असेल तर ते खरंच आहे. पण हे गाणं पाळीपाळीचं! पप्पांनी पडवीत उभं राहून, मागे फणसाच्या झाडासकट, सुरुवात केली. सूर किंचित खाली गेला होता, दम लागत होता. आई ओट्याशी होती. हात पुसत आली आणि फोनकडे न बघताच तिने तिचं कडवं घेतलं. दुसऱ्या ओळीला रेंज गेली. पप्पा तोंड अर्धं उघडं ठेवून स्क्रीनवर फ्रीज.

"आई, थांब, कट झालाय."

ती थांबली नाही. कडवं पुरं केलं, थिजलेल्या पप्पांसमोर. मग गप्प उभी राहिली. मी पुन्हा कॉल लावला. तिसऱ्या वेळी लागला.

"अहो, ऐकू येतंय का?"

"कुठवर आलीस?"

"झालं माझं. फुलापर्यंत."

पप्पांनी घसा खाकरला आणि फुलापासून पुढे सुरुवात केली.