दुपारी चारचा रमजान

रमजान लागला की मुंबईत मोहम्मद अली रोडला रात्री खायला जायचे बेत ठरू लागतात. मिनारा मशिदीच्या आसपासचे मालपुवे, मातीच्या वाटीतली फिरनी, नल्ली निहारी. जावं, पोटभर खावं, त्यात गैर काही नाही. पण आपल्यातल्या कितीतरी जणांची रमजानशी ओळख तिथेच सुरू होऊन तिथेच संपते, याचं मला वाईट वाटतं. रोजा कळायचा तर तो दुपारी चारला बघायला हवा.

मिरजेत आमच्या शेजारच्या भाभी शिवणकाम करतात. ईद जवळ आली की त्यांच्याकडे कपड्यांचा ढीग पडतो. पहाटेच्या जेवणाचं, सेहरीचं करायला घरात सगळ्यांच्या आधी त्या उठतात आणि दुपारी मशीन बाजूला सारून इफ्तारच्या तयारीला लागतात. कांदा तळला जातो, भजी निघतात, खिम्याला फोडणी बसते. घरभर वास सुटलेला आणि करणारीच्या घशाखाली पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. नुसत्या जिभेवर चव घेऊन थुंकून टाकायची गरजेपुरती मुभा असते, पण त्या तेही करत नाहीत. “मग मिठाचं कसं?” मी विचारलं. “अंदाजानं टाकते ताई. कमीजास्त झालं तर रोजेदार नावं ठेवत नाहीत.”

त्यांच्या फ्रिजवर सेहरी-इफ्तारचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं, वेळ मिनिटावर छापलेली. मुंबईचं वेळापत्रक इथे चालत नाही. मिरज पूर्वेला, म्हणून मार्चमध्ये इथे सूर्य काही मिनिटं आधी मावळतो. पहाट फुटल्यापासून त्या मिनिटापर्यंत अन्न नाही, पाणी नाही, चहा नाही, विडी-तंबाखूही नाही. आपल्याकडे उपवासाला साबुदाणा चालतो, भगर चालते, गहू चालत नाही, नियम पदार्थांचा. रोज्याचा नियम वेळेचा. त्यामुळे ‘रोज्याला फळं चालतात का’ हा आपला नेहमीचा प्रश्न तिथे लागूच पडत नाही. आणि पोट रिकामं ठेवून जिभेनं खोटं बोलणं, चहाडी करणं चालूच राहिलं तर ती नुसती उपासमार, असं धर्मातच बजावलेलं आहे. हल्ली लोक रोज्याचं डाएटशी नातं जोडून त्याचं कौतुक करतात. मला ते पटत नाही. वजन कमी करायला कुणी दिवसभर तहानलेलं राहून रात्री तरावीहच्या नमाजाला तास-दीड तास उभं राहत नाही.

हा महिना सगळ्या ऋतूंतून फिरतो. महिने आपलेही चांद्रच, पण अधिक महिना घालून आपण दिवाळी शरदातच ठेवतो. हिजरी पंचांगात ती सोय नाही. वर्ष 354 किंवा 355 दिवसांचं, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत पूर्ण फेरा मारतो. 2016 मध्ये तो जूनमध्ये सुरू झाला होता. 2030 मध्ये एक रमजान जानेवारीत लागेल आणि दुसरा डिसेंबरअखेर. उन्हातान्हात बांधकामावर राबणाऱ्या रोजेदाराला या फरकाचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

सक्ती मात्र सरसकट नाही. आजारी माणसाला, प्रवाशाला, गर्भवतीला, अंगावर पाजणाऱ्या आईला सूट असते. राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात. ज्याला म्हातारपणामुळे कधीच जमणार नाही, तो प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालतो. विसरून पाणी प्यायलं गेलं तर रोजा मोडत नाही. मासिक पाळीत बायका रोजा ठेवत नाहीत. म्हणूनच ऑफिसातल्या मुलीला ‘आज रोजा नाही वाटतं?’ असं चारचौघांत विचारू नये. बऱ्याच जणी या प्रश्नाला घाबरून त्या दिवसांतही सगळ्यांसमोर उपाशी राहतात. आपण त्यांच्यासमोर डबा उघडला म्हणून सहसा कुणाला राग येत नाही, ‘पाणीसुद्धा नाही?’ हे महिनाभर रोज ऐकण्याचा मात्र कंटाळा येतो. आणि संध्याकाळी सहाची मीटिंग साडेसहाच्या पुढे लांबवू नये, एवढं साहेब लोकांना सहज जमण्यासारखं आहे.

ईदच्या नमाजाआधी घरटी फित्रा काढतात, माणशी, तान्ह्या बाळाचासुद्धा. गव्हाच्या ठरावीक मापाएवढी ही रक्कम गरिबांना वेळेत पोचवायची असते, म्हणजे त्यांच्याही घरी ईद होते. जकात वेगळी, वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के, आणि ती बरेच जण याच महिन्यात देतात. भाभी शिलाईच्या पैशातून दागिन्यांची जकात भरतात, दागिने अंगावर क्वचितच घालतात तरी.

कुणी इफ्तारला बोलावलं तर सूर्यास्ताआधी पोचावं. उशिरा गेलात तर खजुराची बशी पुढे घेऊन सगळे एकत्र बसलेले असतात, ती वेळच चुकते. जाताना फळं न्यावीत. आपला रोजा नसला तरी सगळ्यांबरोबर अजानची वाट बघावी आणि पहिला खजूर त्यांच्याबरोबरच तोंडात टाकावा.