गॅस भरण्याआधी कॉइल बघा

मार्च लागला की चाकणजवळच्या महाळुंग्यात घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं. "ताई, गॅस कमी झालाय." एसीवाला पोरगा गेज लावतो, काटा दाखवतो, पैसे घेतो आणि पुढच्या फ्लॅटची बेल वाजवतो. खोली आठ-दहा दिवस बरी गार होते (गॅस भरता भरता त्याने जाळीही झटकलेली असते, त्याचाही हा गुण), मग मे महिन्यात पुन्हा तीच रड. माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा कितीतरी घरांत गॅस जागच्या जागी असतो. चोंदलेली असते ती कॉइल.

मी इथल्याच एका व्हेंडर कंपनीत मेंटेनन्सला आहे. प्रेस शॉप, म्हणजे तेल आणि धूळ दोन्ही. आमच्या मशीन चालवणाऱ्या ड्राइव्हच्या आणि पीएलसीच्या (कंट्रोलरच्या) पॅनेलना छोटे एसी बसवलेले असतात. त्यांच्या जाळ्या वेळच्या वेळी काढून धुतल्या नाहीत तर पॅनेल तापतं, ड्राइव्ह ट्रिप होतो आणि लाइन उभी राहते. लाइन उभी राहिली की मिनिटामिनिटाचा जाब द्यावा लागतो, म्हणून पॅनेलच्या दारावर पीएमचं, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं, कार्ड टांगलेलं असतं, त्यावर तारीख आणि सही. या पट्ट्यातल्या शॉपमध्ये भिंतींवर टीपीएमचे, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्सचे, बोर्ड दिसतात. ही पद्धत जपानची. निप्पॉनडेन्सो कंपनीला १९७१ मध्ये तिच्यासाठी तिकडचा पुरस्कार मिळाला, आणि गंमत म्हणजे ही कंपनी मोटारींचे एसी आणि रेडिएटर बनवणारी. या पद्धतीतला पहिला धडा असा, की ऑपरेटरने आपलं मशीन आपण पुसायचं. पुसताना मशीनला हात लागतो, आणि हात लागला की ढिला बोल्ट कळतो, गळती कळते. हा धडा आमच्याकडच्या कोणालाही विचारा, झोपेतही सांगेल. तोच माणूस शिफ्ट सुटल्यावर घरी येऊन १८ वर एसी लावतो, आणि त्याचं पुढचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं हे त्याला सांगता येत नाही.

त्या झाकणाआड काय चालतं ते बघा. खोलीतली हवा प्लास्टिकच्या जाळीतून आत ओढली जाते आणि तांब्याच्या नळ्यांवर दाटीने बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमधून, म्हणजे फिन्समधून, जाते. कॉइल थंड असल्यामुळे हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं आणि पाणी होऊन नळीवाटे बाहेर पडतं. जाळी केस आणि कापसाचे तंतू अडवते. बारीक धूळ मात्र पार होते आणि नेमकी ओल्या फिन्सवर चिकटते. आमच्याकडे धुळीला तोटा नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर आणि ट्रेलर चालू असतात. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला साचलेला चिखल दिवाळीपर्यंत वाळतो आणि खिडक्यांतून घरात येतो. त्यात हल्लीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात भिंतच नसते. मोहरी तडतडली की तेलाचा धूर थेट एसीत. तेलाचा थर, वर धूळ, असा लेप साध्या पाण्याने निघत नाही. प्रेस शॉपमध्ये ऑइल मिस्ट हेच करतं, म्हणून मला तो बघताक्षणी ओळखू येतो.

आता गेजच्या काट्याकडे येते, कारण खरी गल्लत तिथेच होते. हवा कमी वाहू लागली की कॉइलपर्यंत खोलीतली उष्णता पोचत नाही. कॉइल शून्याखाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो, बर्फाने हवा आणखी अडते, आणि एसी बंद केला की तो वितळून पाणी भिंतीवरून ओघळतं. या सगळ्यात सक्शनचं प्रेशर, म्हणजे गेज दाखवतो ते, खाली येतं. गॅस कमी असला तरी ते खालीच येतं. म्हणजे काटा तोच, आजार दोन. कॉइल न बघता नुसत्या काट्यावर गॅस चढवला तर थोडे दिवस भागतं, पण पुढे कधी कॉइल धुतली गेली की तोच गॅस जास्त ठरतो आणि ताण कॉम्प्रेसरवर येतो.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि आधी ती शोधून बुजवायची असते. गॅस किती ग्रॅम हवा ते युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं. गॅस खरोखरच भरायचा असेल तर वजनकाटा आणलाय का, ते विचारा. पोरगा गोंधळला तर काय समजायचं ते समजा.

बिलाचंही तेच. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेले घरगुती एसी २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम केला. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा हिशेब. पण कॉइल चोंदलेल्या घरात २४ वर गार वाटतच नाही. मग २२, मग २०, मग १८. रिमोटवरचा आकडा उतरतो, खोली तिथेच. आपण दुकानात पाच स्टार बघून जास्तीचे पैसे मोजतो ते स्टार प्रयोगशाळेतल्या स्वच्छ कॉइलचे असतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा, की नुसती चोंदलेली जाळी बदलली तरी एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी उतरू शकतो. आणि महावितरणचे टप्पे विसरू नका: १००, ३००, ५०० युनिट. दिवे, पंखे, फ्रिज तर बारा महिने असतातच. एसीची युनिटं त्यांच्यावर चढतात, म्हणून ती वरच्या, महाग टप्प्यात पडतात.

धुणं फार अवघड नाही. जाळी पंधरा दिवसांनी घरच्या घरी नळाखाली. कॉइल दिवाळीनंतर एकदा आणि फेब्रुवारीअखेर एकदा, माहीतगार माणसाकडून. एमसीबी बंद, सर्किट बोर्ड झाकलेलं, मऊ ब्रश, पाण्याचा दाब बेताचा, नाहीतर फिन्स दुमडतात. फसफसून फेस येणाऱ्या जहाल औषधापासून सांभाळा. त्यातला कॉस्टिक मळाबरोबर ॲल्युमिनियमही खातो, आणि बघणाऱ्याला वाटतं काय छान निघतंय.

एवढं सगळं सोपं असून होत का नाही? एक कारण म्हणजे महाळुंगे भाडेकरूंचं गाव झालंय. अकरा महिन्यांच्या करारात भिंतीला खिळा ठोकू नये हे हमखास लिहिलेलं असतं, एसी कोणी धुवायचा हे नसतं. घरमालक म्हणतो वापरतो तो बघेल, भाडेकरू म्हणतो मी वर्षभरात जाणार. माझ्या मते करारात एक ओळ घालावी आणि तो खर्च घरमालकाने उचलावा. कॉम्प्रेसर जळला तर नवा त्यालाच घ्यायचाय.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. बाहेरचं युनिट खोलीतली उष्णता बाहेर टाकतं. त्याच्या कॉइलवर धूळ आणि कबुतरांची पिसं बसली तर पारा चाळिशीला टेकलेल्या दुपारी प्रेशर चढत जातं आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो. ते युनिट मात्र पाचव्या-सातव्या मजल्याच्या भिंतीवर बाहेर लटकावलेलं, हात पोचेल असं कुठूनच नाही. आमच्या कंपनीत दोन मीटरच्या वर चढायचं तर वर्क परमिट लागतं, सेफ्टी बेल्ट लागतो, खाली माणूस उभा लागतो. कंपनीच्या गेटबाहेर, आमच्याच इमारतींवर, विशी-बाविशीतला पोरगा एक पाय खिडकीत आणि एक पाय छज्ज्यावर ठेवून हे काम करतो, आणि त्याचा जोडीदार त्याला पँटच्या पट्ट्याला धरून असतो. मग बाहेरची कॉइल धुतलीच जात नाही, वरून पाणी मारून 'सर्व्हिस झाली' म्हणतात, यात नवल कसलं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. भिंतींवर आणखी युनिटं लटकणार. नवा फ्लॅट बघायला जाणारे एसीचा पॉइंट कुठल्या भिंतीवर आहे ते विचारतात. बाहेरचं युनिट धुवायला माणूस उभा कुठे राहणार, हेही सेल्सच्या माणसाला तिथल्या तिथे विचारा, आणि ती जागा दाखवायला लावा. बांधून झालेल्या इमारतींत सोसायटीने गच्चीवर बेल्ट अडकवायला पक्के हूक बसवून घ्यावेत आणि एखाद्या गुरुवारी, इथल्या कारखान्यांच्या सुट्टीला, अख्ख्या विंगचं काम एकदम करून घ्यावं. ज्याच्याकडे बेल्ट नाही त्याला बाहेर उतरू देऊ नये, त्या आठवड्यात उकडलं तरी चालेल.