चार्जर महामार्गावर, मुक्काम भंडारदऱ्याला!

अहिल्यानगर, प्रतिनिधी – पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यासाठी आणि पुढे धबधब्यांसाठी अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याकडे मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्यांची रीघ लागते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर चाकांवरच्या घरातून भटकंती करण्याची कल्पनाही रुजू लागली आहे. मात्र, सोबतची गाडी प्लग-इन हायब्रिड असेल, तर तिची बॅटरी रात्री कोठे भरायची, या प्रश्नाचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

प्लग-इन हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिनासोबत बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी असते. तिची क्षमता साधारणपणे १० ते २० युनिट. बॅटरी संपली तरी गाडी अडत नाही, इंजिन काम पत्करते. परंतु मग बॅटरीचे ओझे वाहत पेट्रोल जाळायचे, एवढेच उरते. घोटीहून बारीमार्गे शेंडीपर्यंतचा चढउताराचा रस्ता आणि मागे कॅराव्हॅन जोडलेली असेल, तर बॅटरी नेहमीपेक्षा लवकर रिकामी होते.

राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग सुविधेचे उद्दिष्ट आहे. ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने शिर्डीही मुंबई-नागपूरच्या जवळ आली. मात्र, बहुतांश प्लग-इन हायब्रिड गाड्यांना महामार्गावरील जलद डीसी चार्जरचा उपयोगच होत नाही. त्यांना हवा असतो तो मुक्कामाच्या ठिकाणचा साधा १५ अँपिअरचा प्लग आणि रात्रभराचा वेळ.

हिशेब साधा, पण वायरिंगचे काय?

अशा प्लगमधून सुमारे तीन किलोवॅट वीज मिळते. १५ युनिटची बॅटरी त्यावर पाच-सहा तासांत भरते. म्हणजे रात्री जेवणाच्या वेळी लावलेली गाडी पहाटे तयार. अडचण आहे ती भाराची. दोन गाड्यांचे सहा किलोवॅट आणि कॅराव्हॅनमधील वातानुकूलन यंत्राचा दीड किलोवॅट, हा भार घरगुती जोडणीवर तंबू चालविणाऱ्या ग्रामस्थाला पेलणारा नाही. खिडकीतून ओढलेली एक्स्टेन्शन वायर तासन् तास तापते. त्यात घाटघर-रतनवाडीचा मुसळधार पाऊस आणि सदोष अर्थिंग यांची गाठ पडली, तर प्रश्न सोयीचा राहत नाही, जिवाचा होतो.

प्लग नसला, तर इंजिन चालू ठेवून बॅटरी भरण्याचा मोहही होतो. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. तेथे रात्री इंजिनांचा धूर आणि आवाज सोडायचा असेल, तर हायब्रिड गाडी घेण्याचा हेतूच पराभूत होतो. ज्या धरणाच्या पाण्यावर वीजनिर्मिती होते, त्याच्या काठावर ही वेळ यावी, हा विरोधाभासही दुर्लक्षिता येणार नाही.

कायद्याची आडकाठी नाही

वाहन चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. त्यामुळे त्यासाठी परवाना लागत नाही. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही मागता येते. म्हणजेच शेंडी किंवा मुरशेतमधील तंबूचालकही रीतसर मीटर लावून युनिटमागे पैसे आकारू शकतो.

अशा महागड्या गाड्या मोजक्याच असताना ही उठाठेव कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु योग्य अर्थिंग आणि संरक्षक स्विच असलेला तोच प्लग संपूर्ण इलेक्ट्रिक मोटारीला आणि स्कूटरलाही चालतो. आजचा खर्च उद्याच्या गर्दीसाठीच आहे.

कॅराव्हॅन पार्कसाठी पाणी, वीज आणि स्वच्छतागृह या मूलभूत सुविधा धोरणात गृहीत धरल्या आहेत. त्यातील 'वीज' म्हणजे केवळ दिवे आणि पंखे नव्हेत, हे आता स्पष्ट करावयास हवे. पार्कला मान्यता देताना प्रत्येक जागेमागे मीटरसह एक सुरक्षित प्लग आणि त्याला पुरेल एवढा मंजूर भार, ही अट घातली तरी पुष्कळ साधेल. महामार्गावरील चार्जर प्रवाशाला पुढे पाठवतो. मुक्कामाचा प्लग त्याला गावात थांबवतो, आणि त्याचा पैसाही गावातच राहतो.