वाऊची अलेक

मित्र-मैत्रिणींनो, घरच्यांनी तुमचं नाव एखाद्या गाईवरून ठेवलं असतं तर? नाक मुरडलं असतंत ना! पण आफ्रिकेतल्या दिंका लोकांत हा मोठा लाड समजतात, बरं का. गाईगुरं हीच त्यांची खरी दौलत. लग्नातलं देणं-घेणंसुद्धा गाईंचंच. त्यामुळे गुरांच्या रंगांवरून मुलांची नावं ठेवायची तिथे रीतच आहे. 'अलेक' म्हणजे काळ्या ठिपक्यांची गाय. ती शुभ मानतात. आज आपण याच नावाच्या एका मुलीला भेटणार आहोत.

अलेक वेकचा जन्म १९७७ साली सुदानच्या दक्षिण भागातल्या वाऊ या गावी झाला. नऊ भावंडांत ही सातवी. वडील शिक्षण खात्यात नोकरीला, म्हणजे खाऊन-पिऊन बरं घर. पण अलेकला लहानपणापासून सोरायसिस होता. या विकारात कातडी कोरडी पडते, सोलते, तिला भेगा पडतात. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही, पण हे लोकांना कोण सांगणार! पुढे जिच्या छायाचित्रांसाठी मोठमोठे छायाचित्रकार रांग लावणार होते, तिचं बालपण असं अंग खाजवण्यात गेलं.

त्यातच १९८३ साली सुदानमध्ये यादवी युद्ध पेटलं. उत्तरेचं सरकार आणि दक्षिणेचे बंडखोर यांच्यात बावीस वर्षं चाललेल्या या लढाईत सुमारे वीस लाख माणसं मेली. १९८५ च्या सुमारास वेक कुटुंबाने घराला कुलूप लावलं आणि रानातून पायी वाट धरली. वडिलांच्या खुब्याच्या हाडात जुन्या अपघातानंतर धातूचे खिळे बसवलेले होते. चालून चालून ती जागा चिघळली. पुढे राजधानी खार्टूममध्ये त्यांचं निधन झालं. अलेक तेव्हा तुमच्याच वयाची होती.

१९९१ साली, चौदाव्या वर्षी, ती धाकट्या बहिणीबरोबर लंडनला पोचली. थोरली बहीण तिथे आधीच राहत होती. आई मागाहून आली. नवा देश, नवी भाषा, हाडं गोठवणारी थंडी! शाळा सांभाळून मिळतील ती छोटी-मोठी कामंही करायची. एक गोष्ट मात्र छान घडली. लंडनला आल्यावर तिचा तो जुना त्वचाविकार हळूहळू नाहीसा झाला.

आणि १९९५ साली दक्षिण लंडनच्या क्रिस्टल पॅलेस भागातल्या बाजारात एका अनोळखी बाईने तिला थांबवलं. ही बाई मॉडेल शोधणाऱ्या एका संस्थेची. "मॉडेल होशील का?" असं तिने विचारलं. आता अलेकने काय करावं? हुरळून लगेच तिच्यामागे जावं? छे! ती सरळ घरी गेली आणि आईला सगळं सांगितलं. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. मुलीने शिकावं, एवढंच तिचं म्हणणं. संस्थेने पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे होकार मिळाला. (ही गोष्ट लक्षात ठेवा. रस्त्यात कुणी 'तुला स्टार करतो' म्हटलं, तर आधी घरी सांगायचं!)

मग मात्र गाडी सुसाट सुटली. १९९७ साली एमटीव्हीने तिला वर्षातली सर्वोत्तम मॉडेल ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'एल' या मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ती झळकली. गडद काळा रंग, बारीक कापलेले केस आणि मोकळं हसू. तोवर असा चेहरा अशा मुखपृष्ठावर दिसतच नसे. कुणी खूश झालं, कुणी नाकं मुरडली.

अर्थात प्रसिद्धी म्हणजे मान मिळालाच असं नाही. एका कॉफीच्या कॅलेंडरसाठी तिला चक्क कॉफीच्या कपात बसवून फोटो काढले. गोऱ्यांच्या जाहिरातींत काळ्या माणसांना पूर्वी कसं वापरून घेत, त्याची तिला आठवण झाली, आणि २००७ साली आपल्या आत्मचरित्रात तिने ते लिहूनही टाकलं.

आता खरी गंमत ऐका. तिकडे केनियात लुपिता न्योंगो नावाची एक मुलगी रोज रात्री देवाला विनवायची, "उद्या उठल्यावर मला गोरी कर." देव काही ऐकेना! मग अलेक वेक सगळीकडे दिसू लागली. इतक्या काळ्या मुलीला लोक सुंदर म्हणतात, हे पाहून लुपिता चकित झाली. २०१४ साली याच लुपिताला अभिनयाचं ऑस्कर मिळालं. त्याच्या काही दिवस आधी एका भाषणात तिने ही आठवण सांगितली. आणि एका मुलीचं पत्रही वाचून दाखवलं. ती मुलगी कातडी उजळवायचं क्रीम घ्यायला निघाली होती, पण लुपिताला पाहून तिने बेत रद्द केला. बघा, अलेकमुळे लुपिता सावरली आणि लुपितामुळे ती मुलगी.

आपल्याकडे काय वेगळं आहे? 'गोरी वधू पाहिजे' ही जाहिरात तुम्हीही वाचली असेल. १९७५ पासून विकलं जाणारं 'फेअर अँड लव्हली' २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं. डबीवरचं नाव बदललं, पण वर्गात अजूनही कुणाला तरी 'काळू' अशीच हाक येते. हाक मारणाऱ्याला ती थट्टा वाटते. ज्याला मारली, तो मात्र रात्री आरशासमोर उभा राहतो.

अलेक आपलं गाव विसरली नाही. २०११ साली दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी ती तिथल्या निर्वासितांना भेटायला गेली, आणि २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने तिला सदिच्छादूत नेमलं. तिने हँडबॅगाही बनवल्या. त्यांचं नाव 'वेक १९३३'. १९३३ हे तिच्या वडिलांचं जन्मवर्ष!

तर दोस्तांनो, उद्या वर्गात गेलात की त्या 'काळू'ला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून बघा. जमेल ना?