सर, प्रयोगशाळेला कुलूप का होतं?

आदरणीय सर,


हे पत्र आधी मी तुमच्या घरच्या पत्त्यावरच पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं, तेव्हा विभागातल्या एकांकडून निरोप आला, “तिला म्हणावं, झालं गेलं सोडून दे.” माझ्यापुरतंच असतं तर सोडलं असतं. पण माझ्या मागून आलेल्या मुली भेटतात आणि तेच सांगतात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं, महाविद्यालयाचं आणि गावाचं नाव मी लिहिणार नाही. तुम्ही मला ओळखाल, तेवढं पुरे.

मी हुबळीची, दुर्गदबैलातली. आप्पांचं बांगड्यांचं दुकान. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड, असं आमचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे. पदवीनंतर मी क्रीडाशास्त्रात पुढचं शिक्षण घ्यायचं म्हटलं, तेव्हा नात्यातल्या सगळ्यांनी आप्पांना वेड्यात काढलं. खेळायचं वय संपलं, आता खेळातली कसली डिग्री? आप्पांनी कुणाला उत्तर दिलं नाही. फी मात्र भरली.

त्या नातेवाइकांना द्यायचं उत्तर मला तुमच्या पहिल्याच तासाला मिळालं होतं. तुम्ही फळ्यावर 1924 हे साल लिहिलंत आणि स्वामी कुवलयानंदांबद्दल सांगितलंत. लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. नौली ही योगक्रिया करताना पोटात नेमकं काय घडतं हे नुसतं सांगून त्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांनी आतला दाब मोजला, क्ष-किरणांनी छायाचित्रं घेतली. मग तुम्ही बडोद्याच्या मुजुमदारांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’वर आलात. दहा खंड, तेही मराठीत. आमच्यातल्या बहुतेकांनी त्याचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. शारीरिक शिक्षणाच्या ज्या सरकारी समितीचे कुवलयानंद अध्यक्ष होते ती मुंबई प्रांताची होती, आणि धारवाड जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता, हे तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात. “म्हणजे तुमच्या हुबळीचासुद्धा या विषयावर हक्क आहे.” सर, ते वाक्य मी घरी फोन करून आप्पांना ऐकवलं होतं. परक्या दारात उभी आहे असं मला त्यानंतर वाटलं नाही.

म्हणूनच पुढचं सगळं इतकं लागलं.

आपल्या विभागात प्रयोगशाळा होती. दारावर पाटी होती, आत ट्रेडमिल होती, श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र होतं, कातडीखालची चरबी मोजायचे चिमटे होते, मुठीची ताकद मोजायचा डायनामोमीटर होता. आम्ही हे सगळं खिडकीच्या काचेतून पाहिलं. कुलूप निघालं ते तपासणी समिती येणार होती तेव्हा. आम्हीच झाडलं, आम्हीच यंत्रांवरचे कपडे धुतले, आणि समितीसमोर पांढरे कोट घालून उभ्या राहिलो. वायू मोजणारं यंत्र वापरण्याआधी ठरावीक मिश्रणाच्या वायूने ते जुळवून घ्यावं लागतं. तो सिलिंडर रिकामा होता. लॅक्टेट तपासायच्या पट्ट्यांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. समितीतल्या एकांनी ट्रेडमिलवर हात ठेवून “छान आहे” म्हटलं, चहा झाला, संध्याकाळी पुन्हा कुलूप लागलं.

पैसे नव्हते, मला समजतं. प्रयोगशाळेला परिचर नव्हता, वायूचा सिलिंडर महाग, यंत्र बिघडलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागणार. पण कूपर चाचणीला काय लागतं, सर? मोजलेलं मैदान, घड्याळ, शिट्टी. केनेथ कूपरने 1968 मध्ये ती मांडली ती याचसाठी, की यंत्र नसतानाही शेकडो माणसांचा दमसास मोजता यावा. बारा मिनिटांत पळालेल्या मीटरमधून 504.9 वजा करायचे आणि 44.73 ने भागायचं. 2400 मीटर पळणाऱ्याची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, दर मिनिटाला शरीराच्या दर किलोमागे, सुमारे 42 मिलिलिटर येते. हे सूत्र मी परीक्षेत लिहून गुण मिळवले. एकदाही कुणाला पळवून ते वापरलं नाही, कारण मैदानावर आम्ही असायचो ते चुना मारायला. क्रीडास्पर्धा आल्या की तास बंद. लेन आखायच्या, खुर्च्या मांडायच्या, पाहुण्यांची शाल आणि श्रीफळ सांभाळायचं. त्या कामाची मला लाज नाही, दुकानात वाढलेली मुलगी आहे मी. पण अशाच एका स्पर्धेत उन्हात पळताना एक मुलगा कोसळला. सगळे त्याला गाडीत घालायला धावले, आणि त्याला उचलायचं की आधी गार करायचं हे आमच्यापैकी कुणालाच खात्रीने सांगता येईना. पदव्युत्तर वर्गातली मुलं होतो आम्ही. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान चाळीस अंशांच्या वर जातं. तेव्हा आधी जागेवरच गार पाण्यात बुडवून अंग थंड करायचं आणि मग रुग्णालयात न्यायचं, हे मी नंतर स्वतः वाचून शिकले. तो मुलगा वाचला. अमेरिकेत हे काम करणाऱ्यांना अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणतात, त्यांची राष्ट्रीय संघटना 1950 पासून आहे, आणि आता तिथे या पेशात शिरायचं तर पदव्युत्तर पदवीच लागते. आपल्या पदवीच्या नावातही ‘ट्रेनिंग’ होतंच की.

आता प्रबंधाचं.

मी विषय आणला होता: हुबळी-धारवाडमध्ये मध्यम अंतर पळणाऱ्या शाळकरी मुलींचं हिमोग्लोबिन आणि त्यांची धाव. हा विषय कुठल्या पुस्तकातून उचललेला नव्हता. मी स्वतः 800 मीटर पळायचे, आणि शेवटच्या दोनशे मीटरला पाय दगडासारखे होणं काय असतं ते मला माहीत होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, आणि 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये प्रमाण त्याहूनही जास्त. याच वयाच्या मुली मैदानावर येतात. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं, हे तुम्हीच शिकवलंत. जिचं हिमोग्लोबिन 13 आहे तिचं 100 मिलिलिटर रक्त 17 मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन नेतं, आणि जिचं 9 आहे तिचं जेमतेम 12. दोघींना एकाच रेषेवर उभं करून एकच शिट्टी वाजवायची आणि मागे राहिलेलीला “मनाने कच्ची” म्हणायचं, हे प्रत्येक शाळेत चालतं. त्यातच पाळीत जाणारं रक्त, घामातून जाणारं लोह, कडक जमिनीवर टाच आपटून फुटणाऱ्या तांबड्या पेशी, आणि भाकरी खाल्ल्याबरोबर घेतलेला चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. मला एवढंच पाहायचं होतं, की आमच्या गावच्या मुलींत हे किती आहे आणि त्यांच्या वेळेत ते कुठे दिसतं. पालकांसाठी संमतिपत्रं मी कन्नडमध्ये आणि मराठीत लिहून ठेवली होती. एका पॅथॉलॉजीवाल्यांनी निम्म्या दरात तपासण्या करून द्यायचं कबूल केलं होतं.

तुम्ही कागद हातात घेतलात आणि म्हणालात, रक्त काढायचं म्हणजे नैतिकता समिती, परवानग्या, कटकट. वर मुलींच्या पाळीचं प्रबंधात कशाला? मग कपाटातून मागच्या वर्षीचा एक प्रबंध काढून माझ्यापुढे ठेवलात. कबड्डी आणि खो-खो खेळाडूंच्या चपळतेचा तुलनात्मक अभ्यास. “यात खो-खोच्या जागी व्हॉलीबॉल घाल.” मी घातलं. आकडे गोळा केले, सरासरी काढली, टी-चाचणी लावली, फरक लक्षणीय आहे असं लिहिलं. त्या कपाटात तसे प्रबंध थप्पीने होते, आणि त्यांतल्या एकाचाही कुठल्या खेळाडूला उपयोग झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, पुढे काय करणार? मी काही बोलायच्या आत तुम्हीच उत्तर दिलंत, “बाजारातल्या घरची आहे, कुठे तरी पीटी टीचर लागली की झालं.” सगळे हसले. तुम्ही सहज बोलून गेलात, मला ठाऊक आहे. पहिल्या तासाला हुबळीचा हक्क सांगणारे तुम्हीच होतात, म्हणून ते सहज बोलणं मला आजवर सहज घेता आलेलं नाही.

तुमचं म्हणणं खरं ठरलं. मी एका शाळेत हंगामी शारीरिक शिक्षिका आहे. जाहिरातींत बी.पी.एड. किंवा एम.पी.एड. मागतात, आणि क्रीडाशास्त्राची पदवी घेऊन गेलं की कारकून विचारतो, हे कशाच्या समतुल्य? प्रशिक्षकाच्या जागेसाठी पतियाळाच्या एन.आय.एस.चा डिप्लोमा हवा असतो, रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट हवा असतो. मधल्या जागेवर मी उभी आहे. याचा दोष मी तुम्हाला देत नाही.

दोष देते तो दुसऱ्या गोष्टीचा. आमच्याच गल्लीत एक मुलगी होती, 800 मीटरला माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. धारवाडच्या आर. एन. शेट्टी मैदानावर तिला पळताना पाहून लोक थांबायचे. दोन हंगामांत तिची वेळ सुधारायच्या ऐवजी घसरत गेली. पाळी बंद झाली होती, तर तिला सांगितलं गेलं की सराव चांगला चालू असल्याची ती खूण आहे. अपुरं खाणं, थांबलेली पाळी आणि ठिसूळ होत जाणारी हाडं, हे त्रिकूट अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाने 1992 मध्येच ओळखलं होतं. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याची व्याप्ती वाढवून निवेदन काढलं. तिच्या मैदानापर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. मी शिकून परत आले तोवर तिने पळणं सोडलं होतं. मी तिला तपासणीला नेलं, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं. गोळ्यांनी आणि खाण्याने ते वर आलं, पाळीही सुरू झाली, पण वयोगट निघून गेला होता. आता ती एका कापडाच्या दुकानात उभी असते. माझा प्रबंध झाला असता, तर तिचं नाव माझ्या पहिल्या यादीत असतं. तिच्यासारख्या किती असतील ते मोजायची परवानगी मी तुमच्याकडे मागितली होती.

पी. टी. उषा 1984 मध्ये लॉस एंजेलिसला एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदकाला मुकल्या. तिथे रुचणारं दुसरं काही मिळेना म्हणून भाताची पेज आणि लोणचं खाऊन धावले, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. त्याआधी 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांना एक लढत संपते न संपते तोच दुसरीला उभं राहावं लागलं. मधली अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, ती मागायला आपला एकही अधिकारी मॅटजवळ नव्हता. तुम्ही या दोन्ही गोष्टी वर्गात सांगायचात आणि तुमचा आवाज कापरा व्हायचा. खेळाडूच्या ताटाचा आणि विसाव्याचा विचार करणारं माणूस जवळ नसलं की काय होतं, ते तुम्हाला आमच्याआधी कळलेलं होतं. अशी माणसं तयार करण्यासाठीच तर तो अभ्यासक्रम होता. मग मी तसं माणूस व्हायला आले, तेव्हा तुम्ही मला व्हॉलीबॉल का दिलंत? याचं उत्तर मला हवं आहे. निरोपातून नको, तुमच्याकडून हवं आहे.

आणि काही मागायचंही आहे. आठवड्यातून एक दिवस प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवा. सिलिंडर भरता येत नसेल तर राहू द्या. चरबीचे चिमटे, डायनामोमीटर, वजनकाटा आणि घड्याळ यांवर पुष्कळ काम होतं. स्पर्धांच्या दिवशी चुना मारायला मुलं बोलवाल तेव्हा त्यांतल्या चौघांना पाण्याचा टब, बर्फ आणि थर्मामीटर घेऊन मैदानाच्या कडेला बसवा, आणि काय करायचं ते आधी शिकवा. नैतिकता समितीचा अर्ज कसा भरायचा याचा एक तास ठेवा. ती कटकट नाही, आमच्या शिक्षणाचा भाग आहे.

आमच्या सराव गटातली एक मुलगी या वर्षी तुमच्याकडे प्रवेश घेते आहे. तिचे वडील सकाळच्या बाजारात भाजी विकतात. माझा जुना आराखडा आणि ती दोन भाषांतली संमतिपत्रं मी तिला दिली आहेत. पॅथॉलॉजीवाल्यांशी पुन्हा बोलून ठेवलं आहे, दर तोच आहे. ती तुमच्या टेबलापाशी कागद घेऊन येईल, तेव्हा तो शेवटपर्यंत वाचा. त्यात चुका असतील तर दुरुस्त करा, नमुना लहान वाटला तर वाढवायला सांगा, पण कपाटाकडे जाऊ नका.

आपली विद्यार्थिनी,
दुर्गदबैल, हुबळी